मोरू पाटलाच्या मांडवातला स्पीकर

(अलिबागच्या बाजारात वलीचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान. १९६६. दुपारची वेळ.)

वली : आता पुन्हा तेच वाजव. गिटारची तीच तार, तोच सूर. स्पीकर तेवढा दुसरा.

रघू : हा दहा इंची ना?

वली : दहा इंची. सिनेमाच्या तंबूतला आहे. कागद जाड, मागचं लोहचुंबक हे एवढं. कितीही जोर दे, हा फाटायचा नाही. वाजव.

रघू : साफ आहे, वलीभाई. पण अगदीच सोवळ्यातला वाटतो.

वली : साफ पाहिजे म्हणालास, साफ दिला. आता हा बाराचा लावतो. किहीमला एका शेठच्या बंगल्यात रेडिओग्राम होता, त्यातून काढलाय. याचा कागद पातळ. आधी हळू छेड. हं. आता बटण पार शेवटपर्यंत फिरव आणि मार जोरात.

रघू : हाच. ऐकलंत कसा फाटला?

वली : ऐकलं. लोक माझ्याकडे आवाज फाटतो म्हणून रडत येतात. फाटतो म्हणून हसणारा तू पहिला.

रघू : तुम्हाला नाही कळायचं. गिरगावात आमच्या ओळखीच्या ऑर्केस्ट्रात एक गोवेकर असाच वाजवतो. हळू वाजवलं की गोड, जोर दिला की गुरगुरतो. पोरं खुर्च्या सोडून उठतात.

वली : उठू देत. पण तुझ्या अ‍ॅम्प्लिफायरच्या खोक्यात जागा एकाच स्पीकरची आहे. दहाचा घेतलास तर गुरगुर नाही, बाराचा घेतलास तर जोरात वाजवताना साफ मिळणार नाही. मोरू पाटलाच्या पोरीच्या लग्नात काय काय वाजवणार ते सांग, म्हणजे मी सांगतो.

रघू : सगळंच. हळदीला गोड, वरातीला फाटका.

वली : हळदीला तू?

रघू : मी. का?

वली : हळदीला तर तुझी आई गाते. आम्ही मुसलमान, पण एवढं आम्हालाही ठाऊक आहे. तुम्हा आगऱ्यांत धवलारीण गायल्याशिवाय हळद लागत नाही. आणि तुमच्या गावची धवलारीण म्हणजे मनुबाई.

रघू : या लग्नात नाही गाणार ती.

वली : बरं नाही का तिला?

रघू : ठणठणीत आहे. पाटलांनाच धवला नको. रात्रभर तेच ते हेल, कोण ऐकतं आता? नवरा मुलगा गोदीत क्लार्क आहे, त्याचे मुंबईचे दोस्त येणार. त्यांना काय चूल पुजायची गाणी ऐकवायची?

वली : मनुबाईला सांगितलंस?

रघू : सांगेन.

वली : लग्न गुरुवारी. आज सोमवार.

रघू : सांगेन म्हटलं ना, वलीभाई. तुम्हीसुद्धा काय. त्या ऑर्केस्ट्राचा मालक नवऱ्या मुलाकडून येणार आहे. मला ऐकायला. हळद आटोपली की तो परत निघणार, वरातीपर्यंत थांबायचा नाही. पसंत पडलो तर कायमचं काम. नाहीतर आहेच गिरणी, बापासारखं खोकत मरायचं.

वली : म्हणजे हळदीची वेळ तुला पाहिजे.

रघू : पाहिजे. बांधा तो बाराचा.

वली : बांधतो. पण आधी दाराकडे बघ. अल्ला, तुझी आईच येतेय.

मनुबाई : हाय का रं रघू हतं? हाय. मना वाटलंच. चोंढीशी यष्टी पकरली ती हतंच उतरले. वलीभाई, बरं हाव ना? घरची बरी हायत?

वली : दुवा आहे, मावशी. बसा. ऊन केवढं आहे.

रघू : आये, तू कशाला आलीस?

मनुबाई : कशाला म्हंजी? सकाली हिरीवर नीराबाय पाटलीन भेटली. बोलली, तुमचा रघू आमच्या केसरच्या लग्नाला स्पीकर आनतंय, अलिबागला वलीभाईकरं गेलाय. मी तिच्यासमोर स्पीकरचं काय बोलले न्हाय. पर मना इतकं बरं वाटलं, घागर तशीच ठेवली नि निंगाले. मेल्या, आयशीला एक अक्षर सांगतोस का?

रघू : आये, ऐक जरा.

मनुबाई : तू ऐक. दोन वर्सं झाली, माजा आवाज मागच्या बायांपतुर जात न्हाय. मना समजतंय. मागं पोरी गप्पा मारतात, हसतात. मी कोनाला बोलले न्हाय, तुलाबी न्हाय. आन् तुला आपसूक समजलं. कोनाचं पोर आयशीसाटी यवडं करतंय? वलीभाई, कंच्यात बोलायचं ते दावा. आवाज घालून बघते.

वली : रघू, सांग.

मनुबाई : काय सांग?

वली : काही नाही, मावशी. पाणी घ्या.

मनुबाई : पानी नको. गानं झाल्यावर. यो दांडा हाय तो का? यात बोलायचं?

रघू : आये, आत्ता नको. वलीभाईंचं काम खोळंबलंय.

वली : माझं काही खोळंबलं नाही. या, मावशी. माइक जोडतो. तोंड एवढ्या अंतरावर ठेवा. हा दहाचा आहे. म्हणा.

मनुबाई : "पहिली हलद गो मोरू पाटलाचे दारी, पाटावर बसली गो केसर नवरी. कोंडाजी बापा या गो मांडवात, आवडाबाय आजी या गो मांडवात..." बंद करा. यो बरा न्हाय.

वली : का? साफ येतंय की.

मनुबाई : साफच येतंय, तेच नको. माजं सगलं कापरं ऐकू येतंय. सुई टोचल्यावानी. म्हातारी झाले ते काय गावाला सांगायचं हाय? दुसरा लावा.

वली : हा बाराचा. आता जरा जोर लावून म्हणा. घाबरू नका.

मनुबाई : मी कशाला घाबरू? "रावजी काका या गो मांडवात, तुमचे नातीचे गो हलदीला, येशीवर थांबू नका गो, उंबऱ्यात थांबू नका..." आं? यो बोलतंय. रघू, ऐकलंस? यो माज्यावानी बोलतंय. तू पालन्यात होतास तवा मी ढोलावर आवाज चरवायची, तवा असाच फाटायचा. बाया बोलायच्या, मनूचा गला फाटला, आता पितर आलं बगा. यो घे. दुसरा नको.

वली : मावशी, ही नावं कोणाची?

मनुबाई : त्या घरची मेलेली मानसं. कोंडाजी मोरूचा आजा, आवडाबाय आजी, रावजी चुलता, तो मचव्यासकट दर्यात गेला. असे बावीस हायत. हलदीला नावानं बोलवायला लागतंय, तवा ती आत येतात. न्हाय बोलवली तर दारात उभी ऱ्हातात. माज्या सासूनं मना शिकवली, मी तीन पिढ्यांची हलद लावली त्या घरात. मोरूचीबी मीच लावली.

वली : कमाल आहे. सगळी पाठ?

मनुबाई : पाठ न्हाय तर काय कागद बघून सांगू? मना कुठं वाचता येतंय. फकस्त एक झालंय, रघू. आवतनाचा विडा आला न्हाय अजून.

रघू : येईल.

मनुबाई : ईल कवा? तीन दिसांवर लगीन. मोरूच्या टायमाला पंदरा दिस आदी आलता, वाजतगाजत. मी आज नीराबायला इचारलं, पाटलीनबाय, विडा? ती बोलली, विडा तर कवाच दिला तुमच्या घरात. मी बोलले, मग रघूजवल असंल, ईसरला असंल. दे.

रघू : घरी देतो.

मनुबाई : हतं दे. पदरात विडा घेतल्याबिगर धवला गात न्हाईत. आता गायले तेच खरं तर चुकलं माजं. स्पीकरच्या नादात भान ऱ्हायलं न्हाय.

वली : मी चहा सांगून येतो.

मनुबाई : बसा, वलीभाई. दुकान तुमचं हाय, तुमी कुठं जाता? रघू, खाली काय बघतोस?

रघू : विडा मी घेतला.

मनुबाई : ते समजलं. दे.

रघू : माझ्यासाठी घेतला, आये. गिटारसाठी. हा स्पीकर तुझ्यासाठी नाही. हळदीला मी वाजवणार आहे.

मनुबाई : आन् मी?

रघू : तुला या वेळी नाही सांगितलं त्यांनी.

मनुबाई : कोनी? मोरू बोलला, मनुबाय नको?

रघू : हो.

मनुबाई : माज्याकरं बघून बोल. त्याच्या हलदीला मी उभी होते, त्याच्या दोन पोरांच्या बारशाला होते. त्याच्या तोंडानं बोलला?

रघू : तो म्हणाला, विडा तुमच्या घरात दिला. आई गाते की तू वाजवतोस, मायलेकरं मिळून ठरवा. आमचं काही म्हणणं नाही.

वली : मला तर म्हणालास, पाटलांनाच धवला नको.

रघू : तुम्ही मध्ये पडू नका.

मनुबाई : मायलेकरं मिलून. मग कवा ठरवलं आपन, रघू? मी कुठं होते तवा?

रघू : मी ठरवलं.

मनुबाई : बरं.

रघू : बरं काय? बोल की. शिव्या दे. सगळा गाव देईल, तूही दे. पण मलाही काही आहे की नाही? तुझ्या पदराला धरून शंभर लग्नांत पोत्यावर झोपलो मी. गिरणीत गावचे चारजण आहेत, ते अजून धवलारणीचा पोर म्हणून हाक मारतात. आठ वर्षं त्या गोवेकराच्या मागं फिरून चार सूर शिकलो. मला ऐकायला मुंबईहून माणूस येतोय. एकदाच. तुला ऐकायला कोण येतंय?

मनुबाई : कोंडाजी येतंय. आवडाबाय येते.

रघू : ते मेलेत, आये.

मनुबाई : मना म्हाईत हाय ते मेलेत.

रघू : आणि तुझा आवाज गेलाय. मागच्या बायांना पोचत नाही. आत्ता तूच म्हणालीस.

वली : रघू, जीभ आवर.

मनुबाई : बोलू दे त्याला. बोलले मी. दोन वर्सांत कोनाला बोलले न्हाय, ते तुज्याजवल बोलले. मना वाटलं तू माज्यासाटी स्पीकर आनतोस. येडी मी. हिरीवर घागर टाकून आले.

रघू : मी सांगणार होतो.

मनुबाई : कवा? हलद लागल्यावर? रघू, तुज्यासारकंच मीबी माज्या सासूकरून घेतलं. तिचा गला बसला तवा तिनं पाटलाचा विडा उचलला नि माज्या पदरात टाकला. सगल्या बायांसमोर. रडत होती, पर टाकला. तू मागितला असतास तर मीबी टाकला असता. चोरलास कशाला?

रघू : तू दिला नसतास.

मनुबाई : दिला नसता, तेबी असंल. भांडले असते तुज्याशी. दोन दिस जेवले नसते. पर इचारायचं. विडा घरात येतंय म्हंजी काय तुज्या खिशात येतंय?

वली : मावशी, अजून काही बिघडलं नाही. हळदीला तुम्ही गा, वरातीला हा वाजवेल. मी स्वतः येऊन माइक लावतो.

रघू : वरातीपर्यंत तो माणूस थांबणार नाही. सांगितलं ना मघाशी.

मनुबाई : ऱ्हाऊ दे, वलीभाई. ज्यानं विडा घेतला त्याचं लगीन. आता मी मांडवात तोंड उघडलं तर लोक बोलतील, पोराच्या पोटावर पाय देते. वाजव बाबा. चांगलं वाजव.

रघू : असं बोलू नकोस.

मनुबाई : मग कसं बोलू? तूच सांग, तसं बोलते.

रघू : वलीभाई, तो दहाचा बांधा.

वली : दहाचा? मघाशी बाराचा म्हणालास. फाटणारा पाहिजे म्हणून तासभर डोकं खाल्लंस.

रघू : दहाचा बांधा.

मनुबाई : का? त्याला माजा आवाज लागला म्हून? इटाल झाला त्याला?

रघू : तसं नाही गं.

मनुबाई : मग कसं?

रघू : मी त्यात जोरात वाजवलं की तू ऐकू येशील. आता येतच राहशील. मला नाही वाजवता यायचं त्यावर.

मनुबाई : मग नकोच बांधू. साफच घे. साफमंदी मी कुठंच न्हाय.

वली : दहाच्यावर तुला तो मालक घेईल का, रघू? खरं सांग. त्याला गुरगुर पाहिजे ना?

रघू : माहीत नाही.

वली : म्हणजे आईचंही घालवलंस आणि स्वतःचंही घालवायला निघालास.

रघू : बांधा म्हटलं ना. तारा कापा त्या बाराच्या.

मनुबाई : केसरचं नाव तरी घेनार का कोन? पोर पाटावर बसंल, हलद लागंल, तिच्या आज्यापनज्याचं एक नाव न्हाय. गिटार कुनाला हाक मारतंय, सांग मना.

रघू : कुणालाच नाही.

मनुबाई : मग दारात उभी ऱ्हातील बिचारी. तुजं वाजवनं ऐकत. वलीभाई, चोंढीची यष्टी कवा हाय?

वली : साडेतीनला. पण चहा घेतल्याशिवाय जायचं नाही. माझी कसम आहे, मावशी.

मनुबाई : नको. यष्टी चुकंल.

रघू : आये, गुरुवारी ये. पाटलीणबाईंना सांगतो मी, तुझ्यासाठी पुढं खुर्ची ठेवायला. पहिल्या रांगेत. नुसतं बसायचं. काही करायचं नाही.

मनुबाई : चालीस वर्सं लग्नाला जाते, रघू. नुसतं गेल्यावर कुठं बसायचं असतंय, ते मना ठावं न्हाय.