बाईसाहेबांच्या टाकीवरचा दोरा

(शोभेच्या माशांची पैदास करणारी एक लांबट शेड. चौदा टाक्या. दुपारचे दोन वाजलेत. दोन जावा एकाच टाकीपुढे उभ्या आहेत.)

धाकटी : म्हणजे तुम्हीही दिलीत?

थोरली : ‘तुम्हीही’ म्हणजे? आणखी कोणी दिली?

धाकटी : मी दिली. आठ वाजता. अंडी सुटायची पहिली सुई देऊनच मी ऑक्सिजनचं नळकांडं आणायला गेले.

थोरली : मी नऊला दिली.

धाकटी : अहो अक्का!

थोरली : चला, हाक तरी मारलीस. तीन आठवडे झाले, मला वाटलं जीभ झडली तुझी.

धाकटी : ते भांडण नंतर. आधी हिच्याकडे, आपल्या बाईसाहेबांकडे बघा. दुसरी सुई द्यायची म्हणून आले, तर ही अशी. पोट टम्म झालंय. तिरकी पोहतेय.

थोरली : टाकीवर खूण नव्हती. मी हात फिरवला.

धाकटी : हात फिरवला?

थोरली : बघितलं म्हणते मी. बोलण्यात येतं असं. सगळ्या कडेनं बघितलं, कुठे दोरा नव्हता.

धाकटी : दोरा नाहीच. पट्टी आहे. ही काय, तुमच्या नाकासमोर, काचेवर. लालभडक.

थोरली : पट्टी कशाला? इतकी वर्षं दोरा होता तो काय वाईट होता?

धाकटी : भिजतो, शेवाळतो, कुजतो. गिऱ्हाइकासमोर लाज वाटते. म्हणून काल चिकटपट्ट्या आणल्या. लाल म्हणजे पहिली सुई, हिरवी म्हणजे दुसरी.

थोरली : आणि हे मला कोणी सांगायचं?

धाकटी : सांगायला बोलावं लागतं, अक्का. लालभडक पट्टी आपोआप दिसते असं वाटलं मला.

थोरली : सासूबाईंनी लावलेली पद्धत ती. त्यांना अक्षर येत नव्हतं, म्हणून दोऱ्याला गाठी. एक गाठ, पहिली सुई झाली. दोन गाठी, दुसरी झाली. तीन गाठी, हिला आता सुट्टी, पुन्हा सुई लावायची नाही. तेव्हा औषध बाटलीत नव्हतं मिळत. मासळीबाजारातून मोठ्या माशांची डोकी आणायची, मेंदूखालचा मोहरीएवढा दाणा चिमट्यानं काढायचा, स्पिरिटमध्ये ठेवायचा, खलात घोटायचा. माझं लग्न झालं तेव्हा अंगाला हळदीचा वास आठ दिवस होता आणि त्या डोक्यांचा आठ वर्षं. पण एकदाही चूक…

धाकटी : अक्का, पुराण नको. मासा मरतोय.

टेम्पोवाला : येऊ का आत? पिशव्या झाल्या का बांधून? माशांच्या मोठ्या केंद्रावर चारच्या आत… अरे! दोघी बोलताय? आज सूर्य कुठून उगवला म्हणायचा!

धाकटी : दादा, थांबा जरा.

टेम्पोवाला : थांबतो की. तीन आठवडे मीच तुमचा टपालवाला. ‘त्यांना सांग खाद्य संपलंय.’ ‘त्यांना सांग मला ठाऊक आहे.’ दोन हातांवर उभ्या असायच्या दोघी! टेम्पोचं भाडं देता, जिभेचंही द्या आता.

थोरली : बाहेर बस. हाक मारीन तेव्हा ये. आणि जाऊ नकोस, माझं काम आहे तुझ्याकडे.

टेम्पोवाला : बसलो. बाईसाहेबांना काय झालंय? अशी उताणी का होतेय?

थोरली : बस म्हटलं ना!

धाकटी : बरं, मला हिशेब लावू दे. मी दिली पहिली, म्हणजे छोटी. तुम्हीही पहिलीच समजून दिली असणार. दोन छोट्या मिळून एवढं पोट फुगत नाही. किती भरलं होतंत?

थोरली : नेहमीचंच.

धाकटी : नेहमीचं म्हणजे किती?

थोरली : पाच रेघा. मला शिकवतेस? तुला सुई धरायला कोणी शिकवलं?

धाकटी : तुम्हीच. म्हणून तर विचारतेय. ही सिरिंज घ्या. साधं पाणी आहे. पाच रेघा भरून दाखवा.

थोरली : परीक्षा घेतेस माझी?

धाकटी : हो.

थोरली : … हं. घे. झाल्या पाच.

धाकटी : अक्का.

थोरली : काय?

धाकटी : या वीस आहेत.

थोरली : काहीतरीच!

धाकटी : वीस, अक्का. पुन्हा बघा. उजेडात धरा.

थोरली : उजेडानं काही होत नाही. उजेडात तर जास्तच धुरकट दिसतं.

धाकटी : कधीपासून?

थोरली : गेल्या थंडीपासून. उजव्यानं नुसतं धुकं. डाव्यानं आकार दिसतो, रेघा नाही.

धाकटी : आणि कोणाला सांगितलं नाहीत? डॉक्टरकडे तरी?

थोरली : गेले होते एकटी. मोतीबिंदू असता तर काढला असता म्हणाले. मागचा पडदा खराब झालाय. आहे ते टिकवायचं, एवढंच.

धाकटी : मग टाक्यांवरच्या खुणा?

थोरली : गाठी लागायच्या ना हाताला. तू मारायचीस घट्ट, शहाण्यासारख्या. सकाळी आले की बोटं फिरवायची. एक, दोन, तीन. वाचल्यासारखं. तुझ्या पट्टीला गाठ नाही.

धाकटी : मला काय माहीत! मी रागानं लावल्या हो त्या पट्ट्या. दोरे बिरे काही शेवाळले नव्हते. तुमची पद्धत मोडायची होती मला. माझ्या हातांवर सगळ्यांसमोर बोललात ना, म्हणून.

थोरली : तुझं चुकलं नाही काही.

धाकटी : ‘हिच्या हाताला यश नाही.’ असं म्हणालात. मोठ्या केंद्राचे साहेब समोर उभे, हातात चहाचा कप. तीन नर मेले होते, मान्य. पण मी रात्रभर आठवत बसायचे, कुठे चुकलं? सुई पराच्या मुळाशीच गेली होती. वजन केलं होतं. औषध ताजं होतं. पंधरा वर्षांत तीन नर एका दिवशी नाही गेले माझ्या हातून.

थोरली : तुझ्या हातून नाही गेले.

धाकटी : म्हणजे?

थोरली : तू जेवायला गेलीस. मला वाटलं नरांचं राहिलंय, आपण उरकून टाकावं. गाठ चाचपली नाही, घाईत होते. तू आधीच दिली होतीस. त्यावर मी दिली. आणि माझ्या पाच रेघा कशा असतात ते पाहिलंस तू आत्ता.

धाकटी : तुम्ही… मला दोष दिलात? माहीत असून?

थोरली : हो.

धाकटी : का?

थोरली : साहेब मासे घ्यायला नव्हते आले. तुला मागायला आले होते. तिथे सुई देणारं माणूस हवंय. पगार, राहायला खोली. मला म्हणाले, तुमच्या जाऊबाईंचा हात बघू द्या एकदा. मी म्हटलं, ही गेली तर या शेडमध्ये माझं काय? रेघा कोण वाचणार? तोंडातून निघून गेलं ते. नाही, निघून नाही गेलं. मी काढलं.

धाकटी : तीन आठवडे मी स्वतःच्या हातांकडे बघतेय, अक्का. संत्र्यावर सुईचा सराव केला मी. या वयात. शिकाऊ पोरीसारखा.

थोरली : कळत होतं मला. स्वयंपाकघरात भोकं पडलेली संत्री लागायची हाताला.

धाकटी : आणि तरी गप्प बसलात!

थोरली : बसले. हवं ते बोल. पण आधी ही बघ. तोंड वर आलंय का तिचं?

धाकटी : आलंय. कल्ले जोरात हलतायत. खाली… खाली लाल दिसतंय. अंडं लोंबतंय एक.

थोरली : म्हणजे सुटायला लागली. आत्ता काढली तर निघतील, नाहीतर आत अडकून मरेल. ओला पंचा दे. कोरडी बशी घे, पाण्याचा थेंब नको तिच्यात. पीस कुठे आहे?

धाकटी : पीस आहे. नराला सुई मी आठलाच दिली होती, एकच. पण पोट कोण दाबणार?

थोरली : मी.

धाकटी : तुम्ही?

थोरली : बोटांना काय झालंय माझ्या? बोटांनी दिसतं मला. फक्त काय बाहेर येतंय ते तू सांगायचं. खोटं सांगायचं नाही. मी सांगितलं तसं.

धाकटी : … घ्या. धरलं का डोकं?

थोरली : धरलं. ये गं बाईसाहेब, ये. रागावू नकोस. सांग.

धाकटी : येतायत. पिवळसर, स्वच्छ. सुटी सुटी.

थोरली : आता?

धाकटी : चांगली आहेत. थोडी पांढरी आली मध्ये. पुन्हा स्वच्छ.

थोरली : आत काहीतरी गच्च लागतंय. जोर करू?

धाकटी : नको! थांबा. रक्त आलं.

थोरली : किती?

धाकटी : रेघभर.

थोरली : बास. पाण्यात सोड तिला. हळू. हवेची नळी जवळ घे. नर धर आता, त्याच्या रेताचे दोन थेंब पुरेत. पिसानं ढवळ, गोल गोल. बाळाच्या डोळ्यात काजळ घालतेस अशा हातानं.

धाकटी : ढवळतेय. शेकड्यात वीस-पंचवीस अंडी धरतील, फार तर.

थोरली : आणि ती?

धाकटी : तळाला टेकलीय. कल्ले हलतायत. हळू.

थोरली : जगेल?

धाकटी : माहीत नाही, अक्का. खरं सांगते. माहीत नाही.

थोरली : अकरा वर्षं आहे ती माझ्याकडे. माझ्या पावलांचा आवाज आला की काचेशी यायची. आज सकाळीही आली. मी सुई घेऊन गेले तरी आली.

धाकटी : रडू नका. हात धुवा आधी, अंडी चिकटलीत.

थोरली : अरे ए, टपालवाल्या! ये आत.

टेम्पोवाला : आलो. बाईसाहेब?

थोरली : बघू. तू केंद्रावर चाललायस ना? साहेबांना निरोप सांग. म्हणावं, ते तीन नर थोरलीच्या हातून गेले. तिला दिसत नाही. धाकटीच्या हाताला यश आहे.

टेम्पोवाला : असंच सांगू? शब्दाला शब्द?

थोरली : एकही गाळायचा नाही. आणि म्हणावं, ती जागा भरली नसेल तर ठेवा.

धाकटी : मला विचारलंत? मी जाणार आहे असं कोणी सांगितलं?

थोरली : नाही विचारलं. मागच्या वेळीही नव्हतं विचारलं. आता तू तुझं ठरव, पण निरोप खरा जाऊ दे.

टेम्पोवाला : पिशव्या घेतो. वहिनी, हा निरोप फुकट नेतो मी.

धाकटी : गेला. अक्का, मी अजून रागात आहे. आज उतरणार नाही तो.

थोरली : उतरवू नकोस. रास्त आहे तो. जरा त्या खिडकीतला डबा दे मला, दोऱ्यांचा.

धाकटी : आता कशाला?

थोरली : दे तर. हा घे तुकडा. बाईसाहेबांच्या टाकीला बांध. डाव्या कोपऱ्यात, जुन्या जागी. तीन गाठी.

धाकटी : बांधते. ती पट्टी काढू?

थोरली : काढ. झालं? आता हा पुढच्या टाकीला. तीन.

धाकटी : पुढच्या? त्या माद्या तर तयार होतायत. आठवड्यात सुई द्यायची त्यांना.

थोरली : कोण देणार? तू गेलीस तर मी देईन. सकाळी उठून, हात शिवशिवतील, मला ठाऊक आहे माझं. म्हणून बांध. पुढच्याला, त्याच्या पुढच्याला, सगळ्यांना.

धाकटी : चौदाच्या चौदा?

थोरली : चौदा. आणि घट्ट ओढ गं गाठी. माझ्या हाताला लागल्या पाहिजेत.