हात नसलेला बाक

नाही हो भाऊ, हात बसवून नकोत. फुकट बसवून देताय ते कळलं मला, पण नकोत म्हणजे नकोत. दुकानात होता तसाच, बुटका, मागं कललेला, तसाच ठेवा बाहेर अंगणात. आणि हा जुना घेऊन जा, अदलाबदल ठरलीय ना आपली — बघा तरी त्याच्याकडे. अस्सल सागवान, एक खिळा नाही कुठं, सगळं खुंट्यांवर. असलं काम आता कोण करतं? कोणी नाही. हौशी मंडळी उड्या टाकतील यावर. हात बघा कसे गुळगुळीत झालेत, यांच्याच तळव्यांनी. आधी सासऱ्यांचा बाक, त्यांच्यामागं यांचा. मी? मी नाही कधी बसले. पुसायला वाकले असेन तेवढीच.

हे याच बाकावर बसलेत, यांच्यासमोर बोलतेय म्हणून अवघडू नका. ऐकू येतं यांना, कळतंही सगळं, फक्त वाचा आणि डावी बाजू गेली. झटका आला तेव्हा लेकीनं रडून घर डोक्यावर घेतलं. मला रडूच येईना — म्हणजे वाटलं बरंच काही, पण ते कोणाला सांगायचं? घरात इतकी शांतता मी कधी ऐकलीच नव्हती. आणि मग परवा स्वयंपाकघरातून बघते तर उजवा हात बाकाच्या हातावर रोवलाय आणि हे निम्मे वर आलेत. माझ्या हातातलं पातेलं पडलं. व्यायाम करून घेणारी बाई म्हणते कशी, बाकाची उंची अगदी बरोबर, हात भक्कम, असेच उठत राहिले तर लवकरच घरभर चालतील. मी म्हटलं, हो का? आणि दुसऱ्या दिवशी तुमच्याकडे आले.

किती बाक दाखवलेत तुम्ही — लोखंडी नक्षीचा, फळ्यांचा, शाळेतला तो रंगवलेला — प्रत्येकावर मी बसले आणि चटकन उठले, म्हणून नको म्हटलं. तुम्हाला वाटलं, बाई फार चिकित्सक. या बुटक्यावर मात्र बसले ती बसलेच, गुडघे वर, कंबर खाली, तुमच्या कामगारानं ओढून काढलं तेव्हा तुम्ही हसलात. मीही हसले. तेव्हाच ठरवलं, हाच.

असे काय बघताय? उपाशी ठेवणार आहे का मी यांना? वेळच्या वेळी भरवीन, पुसीन, ऊन आलं की छत्री लावीन. बसवीन तिथं बसतील, एवढंच. तुम्ही यांना चालताना बघितलं नाहीत, भाऊ. दारातून पावलं कशी येतात त्यावरून मी ओळखायची, आज ताट भिरकावणार की मला. हे मनगट बघा, सरळ होत नाही. लेकीला सांगितलंय, पाय घसरला. आजारपणानं माणूस निवळतं म्हणतात — कसलं निवळतंय, सुंभ जळला तरी पीळ जात नाही. डोळे बघा ना यांचे, आत्ता बघा. उठले की हे आधी कुठं येतील ते मला ठाऊक आहे. भीती वाटते हो मला, अजून वाटते.

नव्याचं तोंड? मागच्या भिंतीकडे करा. रस्त्याकडे नको, येणारेजाणारे थांबतात, उठायला हात देतात.

चला, मी यांना धरते, तुम्ही बाक ओढा — थांबा, बोटं सोडवू दे. जोर आलाय बघा, चांगलाच आलाय. यांचं पहिल्यापासून असंच, एकदा धरलं की सोडणं माहीत नाही. हे एक सुटलं. हे दुसरं — नाही, तुम्ही नका हात लावू, मला सवय आहे. हं. न्या आता. आणि जाताना फाटक नीट लावून घ्या, भाऊ.