कुंपणापलीकडे पडलेलं हरिण

ऑक्टोबर लागला की विस्कॉन्सिनमधल्या त्या खाटकाच्या दुकानापुढे मारलेली हरणं कापून घ्यायला शिकाऱ्यांची रांग लागायची. डोरीनच्या पुढे एक म्हातारा आणि त्याची बहीण उभे होते. डोरीनने कान टवकारले.

"दादा, बाण नीट लागला होता ना?"

"लागला गं. पण हरिण कुंपण ओलांडून शेजारच्या हालवर्सनच्या रानात शिरलं."

"अगं बाई! मग?"

"मग काय, त्याचं दार ठोठावलं. न विचारता दुसऱ्याच्या रानात शिरायचं का?"

"अकरा वर्षं ज्याचं तोंड पाहिलं नाहीस, त्याचं दार?"

"टोपी काढून."

"शिव्या घातल्या असतील."

"छे. म्हणाला, लगेच मागे लागलास तर आणखी पळेल, तासभर बस. कॉफी दिली. मग दोघांनी वाकून वाकून पानांवरचं रक्त शोधलं. हरिण आधी त्यालाच दिसलं."

"तू तोडलेल्या त्याच्या सफरचंदाच्या झाडाचा विषय निघाला?"

"नाही."

"मग बोललात तरी काय?"

"निघताना म्हणाला, पुढच्या वेळी मचाण कुंपणाला चिकटूनच बांध, म्हणजे हरिण माझ्याच बाजूला पडेल."

"चावट मेला! तू थोडाच ऐकणार आहेस?"

"कालच संध्याकाळी हलवलं, कुंपणाला चिकटून."