मालतीकाकूंचं घंगाळ

जमलेल्या सगळ्यांना नमस्कार. काकूंचा सुहास, सूनबाई नीता, तुम्हालाही.

मी मेधा, दुसऱ्या मजल्यावरची. लग्न होऊन ठाण्याला गेले, नौपाड्यात राहते, पण या बिल्डिंगीत मी अजून दुसऱ्या मजल्यावरचीच. या गच्चीवर आपण कोजागिरीला दूध प्यायलो, हळदीकुंकू केलं. आज इथेच मालतीकाकूंबद्दल 'होत्या' म्हणायचं? जीभ वळत नाही हो. चुकलं तर सांभाळून घ्या.

काकूंचा हात शिवणाचा होता, हे मी तुम्हाला काय सांगू? तुमच्यापैकी निम्म्यांच्या घरी त्यांचं काहीतरी आहेच. दिवाळी आली की तळमजल्यावरून एकेक भेट वर यायची. सगळ्यांना एकसारखी? छे! नाईकबाई चष्मा शोधत घरभर फिरायच्या, म्हणून त्यांना चष्म्याचं घर. तेही पदराच्या लालभडक तुकड्याचं, म्हणजे लांबून दिसावं! कुणाकडे बाळ येणार असलं की दुपटं. आणि हे सगळं कशातून? आपल्याच घरातल्या वापरलेल्या लुगड्यांतून, साड्यांतून.

पण 'जुनी साडी' म्हणायची सोय नव्हती. मी एकदा म्हणाले, "काकू, आईनं ही जुनी साडी दिलीय." तर माझ्याकडे चष्म्यावरून बघून म्हणाल्या, "जुनी काय गं मेधे? हात लावून बघ. मऊ झालीय. मऊ म्हण." झालं! त्यानंतर अख्खी बिल्डिंग तसं म्हणायला लागली. "काकू, एक मऊ साडी आहे, पाठवू का?" नवीन बिऱ्हाडकरूंना वाटायचं, आम्ही कापडाचा धंदा करतो.

आता मला जे सांगायचंय ते सांगते. अण्णा, तुम्ही खाली बघू नका. हे माझे वडील, पहिल्या रांगेत बसलेत.

माझी आई गेली तेव्हा मी कॉलेजात होते. सत्याऐंशी साल असेल. आईची एक चंद्रकळा होती. काळीभोर, लाल काठाची. तिच्या पहिल्या संक्रांतीला माहेरून आलेली. दर संक्रांतीला ती तीच नेसायची. तुम्ही सगळ्यांनी पाहिलीय. आई गेल्यावर मला दुसरं काही नको होतं. ती चंद्रकळा हवी होती.

आईशिवायची पहिली दिवाळी आली. अण्णांनी जन्मात कुणाला भेट आणलेली नाही. ते खातं आईचं. पण यंदा पोरीला काहीतरी द्यायला हवं, असं त्यांच्या मनानं घेतलं. मी कॉलेजात असताना बोहारीण आली. अण्णांनी कपाट उघडलं आणि आईच्या साड्यांचं गाठोडं तिला दिलं. बदल्यात स्टीलचा हा एवढा डबा घेतला! संध्याकाळी माझ्यापुढे ठेवून म्हणाले, "घे. तुझी दिवाळी. कपाट आवरताना रडत बसशील, म्हणून तेही आवरून टाकलं."

चंद्रकळा त्या गाठोड्यात गेली होती.

मी चपला न घालता मानपाडा रोडपर्यंत धावले. बोहारीण कशाची सापडते! परत आले. अण्णांचा चेहरा आनंदानं फुलला होता. डब्यात चिवडा भरला. रात्री उशीत तोंड खुपसून रडले.

पुढच्या वर्षी गणपतीपासून अण्णा रोज संध्याकाळी खाली जायला लागले. म्हणायचे, काकांशी पत्ते खेळतो. पत्ते खेळून बोटांना पट्ट्या कशा लागतात, मला कळेना!

पाडव्याला सकाळी त्यांनी माझ्यापुढे एक गोधडी ठेवली. काळीभोर, लाल काठाची. मी हात लावला. चंद्रकळा होती. कुठे कापलेली नाही. घडी घालून तशीच्या तशी शिवलेली. अण्णा म्हणाले, "कंपनीतल्या शिंप्याकडून करून घेतली." तीन बाजूंचे टाके मुंग्यांच्या रांगेसारखे सरळ. चौथी बाजू? वाहतुकीचा पोलीस बोलवावा अशी! मला काय कळायचं ते कळलं.

मी खाली धावले, काकूंच्या गळ्यात पडले. तर मला दूर करून म्हणतात, "मला काय सांगतेस? तुझ्या अण्णांनी दिलीय. मी फक्त सुई ओवून दिली." मी विचारलं, पण चंद्रकळा मिळाली कुठे? तर म्हणे, बोहारणीलाच नको झाली.

परवा स्मशानातून आल्यावर अण्णा मला म्हणाले, "वहिनींनी शपथ घातली होती. आता कुणासाठी पाळू?" आणि खरं काय ते सांगितलं.

त्या दिवशी बोहारीण जिन्यात गाठोडं सोडून बसली होती. काकूंना लाल काठ दिसला. बोहारीण सोडेना. मग काकू आत गेल्या आणि आपलं आंघोळीच्या पाण्याचं पितळी घंगाळ उचलून तिच्यापुढे ठेवलं. माहेरचं घंगाळ. आणि चंद्रकळा घेऊन वर्षभर ट्रंकेत ठेवली. लगेच का नाही दिली? अण्णांनी विचारलं होतं. तर म्हणाल्या, "भावजी, त्याच दिवशी दिली असती तर तुमचा डबा खोटा पडला असता. आता तुम्हीच द्या. पण हातानं करून द्या. दिवाळीत द्यायचं तर गणपतीत हात लागायला हवा."

सुहास, तुला आठवतं? त्या दिवाळीत तुमच्याकडे प्लास्टिकच्या बादलीतून पहिली आंघोळ झाली. तू कुरकुर करत होतास. काकूंनी सांगितलं, घंगाळ गळायला लागलं, मोडीत दिलं.

सुहास, तुमचं घंगाळ गळत नव्हतं रे.

काल नीतानं मला विचारलं, "मेधाताई, आईंच्या साड्यांचं काय करू? टाकवत नाहीत." नीता, सध्या साड्या ट्रंकेतच राहू देत. आठवड्यावर गणपती आलेत. आरती झाली की आपण तुमच्या घरी गोधडी शिवायला बसू. येईल त्यानं यावं, सुई मी आणते. कापायचं काही नाही. अण्णा दोरा ओवतील. तीन बाजू आम्ही बायका शिवू. चौथी सुहासची. वाकडी येऊ दे. सुहास, पाडव्याला तू ती आपल्या लेकीला दे.

आता दोन मिनिटं शांत बसू या. उभं राहायला नको. त्या सगळं बसूनच करायच्या. कुणाकडे त्यांच्या हातचं काही असेल, पिशवी, रुमाल, काहीही, तर त्यावर हात ठेवा. मी माझी गोधडी आणलीय.

काकू, नमस्कार करते. मऊ लागतंय.