फाळक्याची उंची

(चौक गाव. जुन्या हायवेलगतचं काळूरामचं गॅरेज. पिकअपला मागची दोन मोठी टायरं बसली आहेत, पुढचा भाग जॅकवर आहे. भाचा सुमित शेजारी उभा आहे. काळूरामची बहीण, सुमितची आई भीमाबाई रिक्षातून उतरली आहे, हातात मोठा रिकामा टोप.)

भीमाबाई: जॅक खाली घे, दादा.

काळूराम: बाय, आल्या आल्या जयभीम पण नाय?

भीमाबाई: जयभीम. आता जॅक खाली घे.

सुमित: आई, तू इथं कशाला आलीस? आज कंपनीला सुट्टी, स्वयंपाक नाय, नि हा टोप कशाला घेऊन फिरतेस?

भीमाबाई: माझी गाडी, माझा टोप. तुला विचारून आणायचा होता?

काळूराम: मागची दोन बसली गं. पुढची दोन राहिलीत, तासाभराचं काम. टेक जरा, चहा सांगतो.

भीमाबाई: चहा नको. ह्यानं सांगितलं तुला, काल काय झालं?

काळूराम: जनाच्या हातावर आमटी सांडली म्हणाला. पाय घसरला तिचा.

भीमाबाई: पाय घसरला?

सुमित: घसरलाच ना. मी आरशात बघितलं.

भीमाबाई: ऐकलंस दादा? आरशात बघितलं. आमी दोघी बाया मागं आमटीचा टोप चढवतोय, नि हा पुढं बसून आरशात बघतोय. वर हॉर्न मारतोय.

सुमित: मग काय करू? साडेबाराला कुंभिवलीला कंपनीच्या गेटवर जेवण पोचलं नाय की सुपरवायझर मला बोलतो. तुला नाय बोलत.

भीमाबाई: वीस वर्षं झाली, मी नि जना टोप उचलतोय. आधी भाड्याच्या टेंपोत, मग ह्या पिकअपमध्ये. कधी थेंब सांडला नाय. मागचा फाळका पाडला की हौद्याची कड माझ्या कंबरेला लागायची. टोप कडेवर टेकवला नि आत ढकलला, झालं. डोळे मिटून व्हायचं काम ते. दिवाळीनंतर तुमी मामा-भाच्यांनी गाडी वर उचललीत नि कड आली माझ्या छातीला. जनाच्या तर आणखी वर. म्हणून ती तेलाच्या रिकाम्या डब्यावर उभी राहायला लागली. तिचा पाय नाय घसरला. डबा चेपला.

काळूराम: हे मला ठाऊक नव्हतं, सुमित.

सुमित: मला तरी कुठं ठाऊक? डब्यावर कशाला चढायचं? सांगायचं मला, चांगलं मजबूत स्टूल आणून दिलं असतं.

भीमाबाई: उकळती आमटी धरून स्टुलावर चढू? सर्कशीत हाय मी?

सुमित: तू तर काय सांगितलं की उलटंच घेतेस. मागच्या जुलैत काय झालं ते विसरलीस? वाटेतल्या मोरीवर पुराचं पाणी, इंजिनात पाणी, गाडी बंद. दीडशे माणसांचं जेवण तिथंच अडकलं. आपण गुडघाभर पाण्यातनं चालत गेटपर्यंत गेलो नि तू सगळ्या कामगारांच्या देखत काय बोललीस मला?

भीमाबाई: बोलले असेन. जेवण वाया गेलं होतं.

सुमित: 'ह्या पोराच्या जागी रेडा जुंपला असता तर वेळेवर पोचलो असतो.' असं बोललीस. तो वॉचमन अजून मला रेडा म्हणतो. गेट उघडताना, रोज. सगळे हसतात नि मी पण हसतो, काय करणार?

काळूराम: हे कधी बोलला नाहीस रं मला.

सुमित: काय बोलायचं, मामा? आईनं बारसं केलं माझं, असं सांगू? म्हणून उचलली गाडी. पुन्हा म्हणून पाण्यात बंद पडायची नाय. कंपनीनं लिहून दिलंय, आणखी एक खाडा झाला की काम दुसऱ्याला. मी तिच्या धंद्यासाठी मरतोय नि ती इथं येऊन माझीच अब्रू काढतेय.

भीमाबाई: धंद्यासाठी? नि कर्जतच्या दोस्तांबरोबर नदीत गाडी घातलीस, वर गाणं लावून मोबाईलवर टाकलीस, ते पण धंद्यासाठी? दीक्षानं दाखवलं मला. तुझ्या सख्ख्या बहिणीनं.

सुमित: टाकला व्हिडिओ. चोरी नाय केली. दोन हजार लोक चांगलं म्हणाले. घरात तर कोण एक शब्द म्हणत नाय.

काळूराम: आता दोघंपण जरा दमानं घ्या. बाय, पोराचं सगळंच चूक धरू नको. मी स्वतः गेलो होतो त्याच्याबरोबर मोरीवर. कठड्यावर चिखलाची खूण राहिली होती, पाणी कुठवर चढलं त्याची. टेप लावून मोजली, एकोणतीस इंच. त्या हिशेबानं स्प्रिंगचे पाटे वाढवले, खाली ठोकळे दिले. तरी दोन इंच कमी पडत होते, म्हणून ही मोठी टायरं. अंदाजपंचे काय केलेलं नाय.

भीमाबाई: पाण्याचं माप घेतलंत.

काळूराम: घेतलं ना. दोनदा घेतलं.

भीमाबाई: पाण्याचं घेतलंत, टायरचं घेतलंत. जनाचं घेतलंत? माझं घेतलंत?

सुमित: तुमचं माप कशाला लागतंय टायरला?

भीमाबाई: टोप कोण चढवतं रं? पाणी चढवतं?

काळूराम: बाय—

भीमाबाई: तू नको बोलू, दादा. हा पोरगा हाय, ह्याला हौस. तुझे केस पांढरे झाले ह्या गॅरेजात. गाडी कशासाठी चालते ते तुला सांगायला हवं? बरं, टायरं तरी धड बसतात का ती? खरं सांग.

काळूराम: आता खरं सांगायचं तर... स्टेअरिंग पूर्ण वळवलं की पुढचं टायर मडगार्डला घासेल. मडगार्ड थोडं कापावं लागेल.

भीमाबाई: म्हणजे नाकापेक्षा मोती जड. नि मोती बसेना म्हणून नाक कापा. तो नळ चालू हाय का तुझा?

काळूराम: हाय. का?

भीमाबाई: टोप भर. कड्यांच्या खाली चार बोटं, आमटी असते तेवढा. नि जॅक उतरव. सुमित, फाळका पाड.

सुमित: आई, तमाशा नको करू. रस्त्यावरनं लोक बघतायत.

भीमाबाई: बघू दे. त्यांना पण मोबाईलवर टाकू दे. ये मागं. ती जनाची बाजू, तिथं उभा राहा.

सुमित: हो बाजूला, मी एकटा चढवतो.

भीमाबाई: एकटा नाय. एक कडी तुझी, एक माझी. नि असा ताठ नको, जनाएवढा हो. गुडघे वाकव. अजून वाकव. ती माझ्या भुवईला लागते.

सुमित: एवढं वाकून कोण उचलतं का?

भीमाबाई: वाकून तू जेवढा झालास, तेवढी तिची उंचीच हाय. धर. उचल आता.

सुमित: थांब... थांब जरा. कड कुठाय? कड सापडत नाय मला.

भीमाबाई: खांद्याच्या वर घे कडी. आमी घेतो तशी.

सुमित: कलतोय टोप. आई, माझ्याकडं येतोय तो—

काळूराम: सोडू नकोस रं. अरे, सोडू नको. मी धरतो.

सुमित: गेलं. सगळं अंगावर गेलं.

भीमाबाई: गार हाय ना?

सुमित: काय?

भीमाबाई: पाणी. गार हाय ना, विचारते.

सुमित: हो.

भीमाबाई: काल मी तिचे हात नळाखाली धरले तर कातडं माझ्या बोटांना चिकटून आलं. नि तू गाडीतनं उतरलास. उतरून पहिलं काय बोललास, आठवतंय?

सुमित: घाबरलो होतो मी.

भीमाबाई: 'आता आमटी कमी पडेल.' हे बोललास. त्या वॉचमननं तुला रेडा म्हटलं ते वर्षभर उरात धरून बसलास, नि तुझं बोलणं जनानं काय ऐकलं नसेल? कोपरापर्यंत पट्ट्या हायत तिला. सकाळी तिचे केस मी विंचरून आले. तुझ्यावर मला जेवढा राग हाय ना सुमित, तेवढा तुझा बाप आमाला टाकून गेला तेव्हा त्याच्यावर पण नव्हता.

काळूराम: पुरे, बाय. पोरगं भिजलंय, आता पुरे. टॉवेल घे रं, तिकडं खिळ्याला हाय.

सुमित: नको टॉवेल.

काळूराम: मग काय करायचं सांगा. मोरीवर पाणी तर ह्या पावसाळ्यात पण येणारच.

भीमाबाई: मोरीवर पाणी वर्षातनं दोन दिवस. त्या दोन दिवशी पहाटे चुली पेटवू, मोठ्या हायवेनं फिरून जाऊ. टोप रोज चढवायचा असतो.

सुमित: मामा, मागची टायरं उतरव.

काळूराम: आन् ठोकळे?

सुमित: ते पण काढ. जादा पाटे पण.

काळूराम: म्हणजे आधी होती तेवढी खाली आणू?

सुमित: आधीची उंची पण कोणी ह्यांना विचारून ठरवली नव्हती. टेप कुठाय तुझी? दे. आई, सरळ उभी राहा. कंबर कुठं येते बघू दे.

भीमाबाई: माझं नको घेऊस.

सुमित: मग कुणाचं घेऊ?

भीमाबाई: चल, जनाकडं जाऊ. आधीच्या उंचीला पण ती टाचा वर करून उचलायची. वीस वर्षं समोर बघत होते मी, कधी बोलले नाय.