तिच्या मागचे बारा

अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या दवाखान्यात काउंटरवरची वेल्मा कागद लावत होती. कान मात्र बाकाकडे होते. व्हिएतनाम युद्धातल्या सैनिकांची टोपी घातलेला म्हातारा शेजारच्या तरुणीला विचारत होता.

"नवऱ्याला आत नेलंय का, पोरी?"

"नाही काका, माझाच नंबर आहे. कंदाहारला होते मी."

"म्हणजे ऑफिसात, टायपिंगला?"

"टायपिंग कसलं! सुरुंग हुंगून काढणारी कुत्री घेऊन सगळ्यांच्या पुढे चालायचे. मागे बारा जण, माझ्याच ठशांत पाय टाकत."

"परत किती आले?"

"बाराच्या बारा. आणि कुत्रीसुद्धा!"

तेवढ्यात वेल्मानं दोघांची नावं पुकारली. तरुणी आधी उठली.

"फरशी ओली आहे, काका. हात देऊ?"

"नको. तू पुढे हो. तू पाय ठेवशील तिथंच मी ठेवतो."