आत्याची जबानी

रबाळ्याच्या कंपन्या आल्या त्याच्या आधी तिकडं आमची भातशेती होती, मी काय बघितली नाय, आत्या सांगायची. मी गावठानातच वाढलो. आई गेली, बापानं दुसरं लगीन केलं, मग बापाच्या बहिनीनं मला आपल्या घरात नेलं, तिला स्वतःचं पोर नाय, मासळी विकून तिनं मला मोठा केला, ड्रायव्हिंग पन तिनंच शिकायला लावलं. आज तिच्या नि माझ्या घरात एक भिंत हाय आनि मला तिच्याशी बोलायची बंदी हाय. काय सांगू ताई तुमाला.

बेलापूरला गुंतवनुकीची एक कंपनी होती, तिच्या मालकाची गाडी मी चालवायचो. साहेब गोड मानूस. एकदा गाडीतच बोलला, तू घरचा, तुझं नाव डायरेक्टरमधी टाकतो, पगार वाढेल. मी सह्या केल्या. मला कार्ड छापून दिलं, तरी गाडी मीच पुसत होतो. पन गावात ते कार्ड बघून लोकांना वाटलं आपला पोरगा मोठा झाला, नि जमिनीचे साठवलेले पैसे घेऊन लोक कंपनीत गुंतवायला लागले, व्याज पन यायचं सुरुवातीला. आत्यानं तिचं होतं ते सगळं घातलं. बोलली, तू तिथं हायस, मला कोन फसवनार.

मग एक दिवस सकाळी साहेबाला आनायला गेलो तर फ्लॅटला कुलूप, वॉचमन बोलला, फॅमिलीसकट परदेशात गेले. ऑफिसखाली ही गर्दी. पोलिसांना साहेब मिळाला नाय, मी मिळालो. जेल झाली, मग जामीन, त्यात अट होती की साक्षीदारांशी बोलायचं नाय. मी मान हलवली. साक्षीदार म्हंजे कोन, ते डोक्यात आलं नाय.

गावानं बोलनं टाकलं, फक्त आत्या डबा आनायची. तिनं तक्रार दिलीच नव्हती. वकील बोलला, साहेबाच्या मालमत्तेच्या जप्तीतून पैसे मिळाले तर तक्रार देनाऱ्यांना मिळतील. मी तिला बोललो, तू पन दे. ती बोलली, तुझं नाव घ्यावं लागंल. मी बोललो, घे, म्हातारपनी काय खाशील. ती रडली, भांडली, शेवटी मीच तिला स्कूटरवर बसवून बेलापूरला पोलिसांच्या ऑफिसात नेली.

तिथं बाई अधिकारी होत्या. त्यांनी विचारलं, पैसे कोनाच्या भरवशावर घातले? आत्या बोलली, ह्याच्या. हा कोन तुमचा? तर बोलली, माझा मुलगा. बाईंनी माझं नाव विचारलं नि पेन खाली ठेवला. अहो, तुमी आरोपी, ह्या आता साक्षीदार, तुमी इथं बसलातच कसे, ह्यापुढं ह्यांच्याशी बोललात तर जामीन जाईल. तसा मी उठलो. आत्या रिक्षानं एकटी घरी आली, मी स्कूटरवर मागं मागं.

आता ड्रायव्हर म्हनून कोन ठेवत नाय, केसचं कळलं की नको बोलतात. विचारल्याबिगर जिल्हा सोडता येत नाय. तारीख पडते, पुढं जाते. आत्या ओट्यावर मासे साफ करते नि मांजराला मोठ्यानं सांगते, वेळेवर खात जा रे, किती वाळलास. मी आतून ऐकतो. ओ सुद्धा देता येत नाय.

उद्या कधीतरी ती कोर्टात उभी राहील, तिनं खरं तेच सांगावं, माझं काय व्हायचं ते होऊ दे. देवानं तिचे हातपाय चालते ठेवावे, आजारी पडली तर मला तिच्या दारात जाता यायचं नाय.